व्हर्नाचे ताठ बूट

रानमेंढ्याच्या शिकारीची सोडत निघाली आणि आमच्या मेव्हण्याचं, ऑर्व्हलचं, नाव यंदाही लागलं नाही. यात बातमी काहीच नव्हती. मिशी फुटल्यापासून ऑर्व्हल दर वसंतात अर्ज भरतोय आणि दर जूनमध्ये तोंड पाडून बसतोय. आमच्या मोंटानात हा परवाना लागतो तो जन्मात एकदा, आणि कित्येकांना तर तेवढाही नाही. बातमी अशी होती की त्याच्या बायकोचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, व्हर्नाचं, नाव लागलं. तिने अर्ज भरला होता तोच मुळी ऑर्व्हलच्या सांगण्यावरून. "तुझंही नाव टाकून ठेव," तो म्हणाला होता, "घरात तेवढीच एक जादा चिठ्ठी."

संध्याकाळी व्हर्नाचा फोन आला. "वेंडेल, जरा इकडे ये. ऑर्व्हल गोठ्यात जाऊन बसलाय."

"काय करतोय?"

"गाईशी बोलतोय."

"मग बोलू दे की. मन मोकळं होईल."

"अरे, गाय कंटाळून बाहेर आलीय."

मी गेलो तेव्हा ऑर्व्हल गवताच्या गठ्ठ्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "नवऱ्याला देता येत नाही."

"काय?"

"परवाना. मी वन्यजीव कचेरीत फोन करून विचारलं. आवाज बदलून विचारलं, एका मित्रासाठी म्हणून. तर ती बाई म्हणते, 'ऑर्व्हल, तो व्हर्नाचा आहे, आणि व्हर्नाच जाईल.'"

पण ऑर्व्हल फार दिवस रुसून बसणाऱ्यातला नाही. आठवडाभरात त्याने स्वतःच स्वतःची नेमणूक केली. मेंढा व्हर्ना मारणार हे कबूल, पण तिला तिथपर्यंत नेणार कोण? तिला शिकवणार कोण? खरं सांगायचं तर व्हर्नाला शिकवण्यासारखं फारसं काही नव्हतं. आमच्या बापाने तिच्या हातात बंदूक दिली तेव्हा ती बंदुकीपेक्षा थोडीच उंच होती, आणि घरातल्या फ्रीजमध्ये एल्क हरणाचं मांस असतं ते बहुतेक वर्षी तिच्याच गोळीचं. ती शाळेची बस चालवते. पस्तीस पोरांचा गोंधळ मागे चालू असताना बर्फाच्या रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या बाईचा नेम सहसा चुकत नाही. पण ऑर्व्हलला कोणाला तरी शिकवायला मिळालं नाही तर त्याला अपचन होतं, म्हणून ती ऐकून घ्यायची.

ऑर्व्हलची शिकवण सुरू झाली ती पायांपासून.

"बंदूक, दुर्बीण, सगळं नंतर," जेवताना तो काटा नाचवत म्हणाला. "डोंगरात माणूस पायांवर मरतो किंवा पायांवर जगतो. आणि पायांना काय हवं? मऊ बूट. जमीन कळली पाहिजे पायाला. खडा कुठे आहे, मुळी कुठे आहे. माझे बघ."

त्याने खरोखरच पाय टेबलाच्या कडेपर्यंत वर केला. ते बूट मी कितीतरी वर्षं बघत आलोय. कधीकाळी ते कातड्याचे होते. आता नक्की कशाचे होते ते सांगता येत नाही. घडी करून खिशात घालावेत इतके ते मऊ पडले होते, आणि दरवाजात काढून ठेवले की थकलेल्या कुत्र्यासारखे एका कुशीवर लवंडायचे.

"पाय खाली घे," व्हर्ना म्हणाली. "बटाटे आहेत तिथे."

"मऊ बूट," पाय खाली घेत ऑर्व्हल म्हणाला. "लिहून ठेव."

व्हर्नाने लिहून ठेवलं नाही. मेंढे राहतात त्या डोंगराचा तिने आधीच विचार करून ठेवला होता. तिने मला बाजूला घेतलं. "शनिवारी ग्रेट फॉल्सला जायचंय बूट घ्यायला. तू चल. ऑर्व्हलला सांगू नकोस."

शनिवारी आम्ही गाडीत बसलो तर मागच्या सीटवर ऑर्व्हल. हातात सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. "मला वाटलंच," म्हणाला.

दुकानात बायरन नावाचा एक उंच, गोड बोलणारा पोरगेला विक्रेता आमच्या वाट्याला आला. त्याचा एकच गुण होता आणि तोच अवगुणही. तो सगळ्यांशी सहमत व्हायचा.

"मऊ तळ हवा. जमीन कळली पाहिजे," ऑर्व्हल म्हणाला.

"अगदी बरोबर, साहेब. जमीन कळणं फार महत्त्वाचं."

"मला ताठ तळ हवाय," व्हर्ना म्हणाली. "उभ्या उतारावर आडवं चालायचंय. बूट दुमडला तर मी खाली जाईन."

"अगदी बरोबर, बाई. उतारावर ताठपणाच हवा."

"मग दोघांपैकी बरोबर कोण?" मी विचारलं.

"दोघेही आपापल्या जागी," बायरन म्हणाला आणि खोकी आणायला आत पळाला.

पहिला जोड आला तो बर्फाच्या कड्यावर चढणाऱ्यांचा. व्हर्ना तो घालून उठली आणि दुकानातून फेरी मारून आली. गुडघा वाकतोय पण घोटा वाकत नाही, अशी ती चिखलात उतरलेल्या बगळ्यासारखी एकेक पाय उचलून ठेवत होती. ऑर्व्हलने तोंडात बिया टाकल्या आणि अत्यंत समाधानाने बघत राहिला.

"पायात ओंडके बांधलेत," व्हर्ना म्हणाली. "हे फार झालं."

दुसरा जोड ऑर्व्हलच्या पसंतीचा, मऊ. त्यात ती छान चालली. ऑर्व्हल म्हणाला, "बघ! बघ कशी चालतेय!" बायरन म्हणाला, "सुंदर चालताहेत."  दुकानात वरच्या मजल्यावर जायचा लाकडी जिना होता. व्हर्ना त्याच्या पायरीच्या कडेवर नुसते चवडे टेकून उभी राहिली, टाचा हवेत. जराशाने तिची पोटरी थरथरायला लागली, टाचा खाली झुकल्या आणि बूट मधोमध केळीच्या सालीसारखा वाकला.

"हे पायरीवर," ती खाली उतरून म्हणाली. "कड्यावर काय होईल?"

तिसरा जोड या दोहोंच्या मधला. तळ ताठ, पण चालताना पुढून जरासा गोलावलेला, म्हणजे पाऊल आपोआप पुढे लोळतं. व्हर्ना बूट घेताना माणसं घर घेताना जेवढी चौकशी करतात तेवढी करते. दुपारीच आलो होतो आम्ही, कारण तिच्या मते दिवसभरात पाय सुजतात आणि सकाळचा बूट संध्याकाळी वैरी होतो. घरचे जाड लोकरी मोजे तिने पिशवीतून आणले होते. टाच उचलली जात नाही ना, हे तिने वाकून बघितलं. दुकानात एक उतरती फळी ठेवलेली होती, तिच्यावरून ती खाली पाय आपटत आली, बोटं पुढे ठेचतात का ते बघायला. ठेचली. मग अर्धा नंबर मोठा मागवला. आणि पुन्हा जिन्याच्या त्याच पायरीवर चवडे टेकून उभी राहिली.

ती उभीच राहिली. भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी. बायरन तिथून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन परत आला तरी ती उभी.

"मला भूक लागलीय," मी म्हणालो.

"थांब. मला आवडतंय इथे."

हे बघून ऑर्व्हलच्या मनाची चलबिचल झाली असावी, पण तो हार मानायला तयार नव्हता. "दाखव इकडे," म्हणत त्याने आधीच्या, अर्धा नंबर लहान जोडातला एक बूट उचलला. "इतका ताठ बूट पायाला कायमचं पांगळं करेल. बूट कसा तपासतात ते मी सांगतो." त्याने बूट गुडघ्यावर ठेवला आणि टाच व टोक धरून काटकी मोडावी तसा वाकवायला लागला. बूट वाकेना. ऑर्व्हलने दात खाल्ले. चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. बूट तसाच. त्याने एक शेवटचा हिसका दिला, बूट गुडघ्यावरून सुटला आणि ऑर्व्हल मागच्या मागे बुटांच्या मेणाच्या डब्यांच्या मनोऱ्यात गेला. ते डबे कितीतरी वेळ दुकानभर घरंगळत होते.

"चांगला आहे ना बूट?" व्हर्नाने वरून विचारलं.

"अगदी उत्तम तपासलात, साहेब," बायरन म्हणाला.

बूट घरी आले. पण नवा बूट म्हणजे नवी सून नव्हे, की आणली आणि लागली घरात वावरायला. त्याला आधी वळवावं लागतं. व्हर्ना ते बूट घालून भांडी घासायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, दुकानात जायची. बस चालवताना तेवढे काढायची आणि चपला घालायची. पहिल्या रविवारी ती ते घालूनच चर्चमध्ये आली, आणि आली तीही उशिरा. आमच्या चर्चला लाकडी जमीन आहे. मागच्या दरवाजापासून धाड... धाड... धाड... असा आवाज येत राहिला. पाद्रीबाबा प्रवचनात शेवटच्या न्यायनिवाड्यापर्यंत आले होते. ते थांबले. पुढच्या बाकावरची एक म्हातारी मागे न बघता पटकन डोळे मिटून हात जोडून बसली.

टाचेवर फोड आले, तिथे तिने पट्टी लावली. मग ती रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावरच्या प्रेक्षकांच्या बाकांवरून वर-खाली चढू लागली, पाठीवर बटाट्यांचं पोतं घेऊन. ऑर्व्हल खाली गाडीत बसून सूचना द्यायचा. "हात सैल सोड! श्वास नाकाने!" एकदा ती खाली आली, पोतं त्याच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "चल, तूही चढ. तुलाही यायचंय ना डोंगरात?"

"मला सवय आहे," ऑर्व्हल म्हणाला. "माझे बूट मला नेतात."

"निदान एक बरा जोड तरी घे तुझ्यासाठी."

"तो विषय संपला," ऑर्व्हल म्हणाला. आणि हे तो जरा जास्तच जोरात म्हणाला.

सप्टेंबर संपता संपता आम्ही तिघे डोंगरात गेलो. मला घेतलं ते मांस वाहायला एक पाठ जादा हवी म्हणून. वरच्या ओढ्याकाठी तंबू टाकला, अस्वलांसाठी जेवणाची पिशवी उंच झाडाला टांगली. सकाळी उठलो तर गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं. व्हर्नाला दुर्बिणीत मेंढे दिसले. समोरच्या धारेखाली उन्हात चार-पाच नर बसलेले, आणि त्यातल्या एकाची शिंगं पूर्ण वेढा घेऊन पुन्हा डोळ्यापाशी आलेली.

"बाप रे," ऑर्व्हल हळूच म्हणाला. 

वर जायला एक नाळ होती, दोन कड्यांमधली अरुंद घळ, दगडांनी भरलेली, पण आडोशाची. व्हर्नाचं म्हणणं, नाळेतून जाऊ. ऑर्व्हलचं म्हणणं, नाळेतून अर्धा दिवस जाईल, डावीकडच्या गवताच्या उतारावरून आडवे गेलो तर पटकन पोचू. "मी पुढे होतो. माझ्या पावलावर पाऊल टाका."

त्याच्या पावलावर पाऊल टाकणं जमणार नव्हतं, कारण ते पाऊल तिथे राहतच नव्हतं. उतार असा की डावा हात जमिनीला लागत होता. व्हर्ना बुटाची कड गोठलेल्या गवतात खच्चून रोवायची आणि पायरी केल्यासारखी उभी राहायची. ऑर्व्हलचे बूट मात्र प्रत्येक पावलाला बाहेरच्या बाजूला कलंडत होते. त्याला जमीन नक्कीच कळत होती, पण जमिनीला तो काही कळत नव्हता. मध्यावर पोचला, मागे वळून आम्हाला "बघा, कसं—" इतकं म्हणाला, आणि गेला.

तो बसल्या बसल्याच गेला. गवतावरून सरळ, हात वर करून, घसरगुंडीवरच्या पोरासारखा. मग खालचा घसारा, सुट्या दगडांचा उतार, आला. तिथे दगडांच्या आवाजात त्याच्या तोंडचे शब्द बुडाले, ते बरंच झालं. त्याचा एक बूट पायातून सुटून उड्या मारत पुढे निघाला आणि त्याच्याआधी खाली पोचला. ऑर्व्हल नाळेतल्या दगडांत जाऊन थांबला.

आम्ही धावत, म्हणजे व्हर्ना धावत आणि मी बसत बसत, खाली गेलो. हाडं शाबूत होती. विजारीचा मागचा भाग डोंगरावरच राहिला होता.

"मेंढे गेले?" हा त्याचा पहिला प्रश्न.

व्हर्नाने वर बघितलं. मेंढे उठून उभे राहिले होते. डोंगरात दगड रोजच पडतात, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण जरा चालून ते धारेच्या पलीकडच्या कंगोऱ्यावर जाऊन पुन्हा बसले.

मी बूट घेऊन आलो. व्हर्नाने तो हातात घेतला आणि बघत राहिली. नाडीला जुनी, घट्ट गाठ होती, चिखलाने दगड झालेली. गाठ बांधलेली तशीच, पण बूट सैल, नुसता पाय सरकवता यावा इतका.

"ऑर्व्हल," ती म्हणाली, "ही गाठ कधीची आहे?"

ऑर्व्हल डोंगराकडे बघू लागला.

"ऑर्व्हल."

"मार्चची."

"मार्चपासून नाडी सोडली नाहीस?"

"हात पोचत नाही," ऑर्व्हल पुटपुटला. "पाठीत उसण भरल्यापासून. पोट मध्ये येतं आणि पाठ आवळते. हे निदान सरकवता येतात. तुझ्यासारखे घोट्याच्या वरपर्यंत नाड्या असलेले घेतले असते तर घालणार कसे?"

"म्हणून ते मऊ बूट आणि जमीन कळणं!"

"जमीन कळतेही!" ऑर्व्हल म्हणाला.

"अरे, मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? आपल्या नवऱ्याला बुटाची नाडी बांधता येत नाही? आणि तू तिकडे बटाटे घेऊन डोंगर चढतेयस!"

व्हर्ना हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. ती त्याच्यासमोर दगडांत खाली बसली, चाकूने ती गाठ कापली, माझ्या पिशवीतली दोरी घेतली आणि त्याच्या पायाला बूट घोट्यापासून वरपर्यंत करकचून बांधला. मग दुसरा. ऑर्व्हल आभाळाकडे बघत होता, जणू हे जे चाललंय ते कोणा दुसऱ्याच्या पायाशी चाललंय.

"आता तू इथे बस," ती उठत म्हणाली. "वेंडेल, याला हलू देऊ नकोस."

आणि ती नाळेतून वर गेली.

मी आणि ऑर्व्हल दुर्बीण लावून बसलो. पुढचा सगळा वेळ तो कुजबुजत सूचना देत होता, ती अर्धा मैल दूर असताना. "हळू... अगं, डावीकडे... तिथे नको, ओला दगड आहे तो... शाब्बास." नाळेच्या वरच्या तोंडाशी एक कातळ होता, मध्ये धरायला काही नाही, फक्त बोटभर रुंदीची कड. व्हर्नाने बुटाचं टोक त्या कडेवर ठेवलं, वजन टाकलं आणि उभी राहिली. जिन्याच्या पायरीवर उभी होती अगदी तशीच. मग दुसरं टोक.  ऑर्व्हलने माझं मनगट धरलं होतं ते इतकं घट्ट की माझी बोटं बधिर झाली.

ती कातळावरून पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. बराच वेळ काही नाही. वारा सुटला. मग एकच आवाज आला, तोही वाऱ्याने अर्धा खाल्लेला.

"एकच," ऑर्व्हल म्हणाला.

"हो. एकच."

"एकच पुरते तिला," तो म्हणाला, आणि दुर्बीण डोळ्यांना लावून बसला, पण ती दिसेनाशी झाल्यावर त्याने लावलेली झाकणं अजून तशीच होती.

कातळाला वळसा घालून वर पोचायला आम्हाला दुपार झाली. मी मागून त्याचा पट्टा धरला होता, आणि पट्ट्याखाली विजार नसल्यामुळे नजर दुसरीकडे ठेवली होती. व्हर्ना मेंढ्याशेजारी बसली होती, हात मांडीवर. म्हातारा मेंढा होता, शिंगांची टोकं झुंजींनी तुटून बोथट झालेली. ऑर्व्हल तिच्या पलीकडे बसला. त्याने शिंगावरून हात फिरवला, दर वर्षी उमटणाऱ्या एकेका वळ्यावरून, मुळापासून टोकापर्यंत आणि परत.  मग ऑर्व्हलने नाक ओढलं आणि म्हणाला, "गोळी जराशी मागे लागलीय."

"बरोबर जागी लागलीय," व्हर्ना म्हणाली.

"बरोबर जागी लागलीय," ऑर्व्हल म्हणाला.

उतरताना व्हर्ना पुढे होती, पाठीवर शिंगं आणि मांसाचा भार. घसाऱ्यात टाच रोवून ती एकेक खड्डा करायची, आणि ऑर्व्हल त्या खड्ड्यात पाय ठेवून उतरायचा. एकदाही सूचना दिली नाही त्याने. तंबूत आल्यावर ती त्याच्या बुटांच्या दोऱ्या सोडायला बसली तेव्हा तो म्हणाला, "उद्या सकाळी जरा सैल बांध. रक्त थांबतं." ती म्हणाली, "उद्या सकाळी आपण पाठीच्या डॉक्टरचा नंबर शोधू." तो म्हणाला, "डोंगरात नंबर कुठला," आणि झोपला.

घरी आल्यावर ग्रेट फॉल्सची एक खेप झाली, डॉक्टरकडे आणि मग बुटांच्या दुकानात. बायरनने ऑर्व्हलला ताठ बूट दाखवले आणि तो म्हणेल त्याला हो म्हटलं. आता रोज सकाळी व्हर्ना ओसरीवर त्याच्या नाड्या बांधते आणि तेवढा वेळ ऑर्व्हल उद्या पाऊस पडेल की नाही हे आभाळात बघतो.

गावात मात्र ही गोष्ट सांगायचं काम ऑर्व्हलने स्वतःकडे घेतलं. सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींपुढे तो ती सांगतो, आणि तिखटमीठ लावून सांगतो. परवा मी आणि व्हर्ना तिथेच होतो.

"मेंढे बसले होते अडचणीच्या जागी," ऑर्व्हल म्हणत होता. "नेम धरायला जागाच नाही. त्यांना उठवून पलीकडच्या कंगोऱ्यावर घालवायला हवं होतं. कोणीतरी आवाज करायला हवा होता. मी म्हटलं, ठीक आहे. आणि दिलं अंग सोडून."

"मुद्दाम?" कोणीतरी विचारलं.

"नाहीतर काय! अख्खा उतार. विजार गेली त्यात."

"आणि बूट कशाला काढलास?" कोपऱ्यातून एकजण म्हणाला. "वेंडेल म्हणत होता, एक बूट आधीच खाली आला होता."

  सगळे ऑर्व्हलकडे बघत होते. त्याने एकदा टेबलाखाली आपल्या पायांकडे बघितलं.

"तो मीच काढायला सांगितला होता," काउंटरवरून व्हर्ना म्हणाली. कॉफीत साखर ढवळत होती ती. "फार वाजत होता."

मंडळींनी माना डोलावल्या. हे त्यांना पटलं. ऑर्व्हलनेही मान डोलावली, आणि आपल्या पुढची केकची बशी, अजून काटाही न लावलेली, उठून काउंटरवर तिच्यापुढे ठेवली.